धोंड्याच्या वाणाचं यंत्र

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात तात्यासाहेब वाकळ्यांची भुसार मालाची आडत. आडतीत मका येवो नाहीतर माणूस, तात्यासाहेब दोघांकडं एकाच नजरेनं बघायचे. हातात पोत्याला टोचायची लोखंडी सळई. ती खुपसायची, ओढायची, खोबणीत आलेले दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि समोरच्या शेतकऱ्याला विचारायचं, "खोट सांगू का?" तो बिचारा नको म्हणायच्या आत खोट सांगून झालेली असायची. ओल हाय, खडा हाय, किडका हाय. काहीच नसलं तर, "रंग उतरलाय राव." खोट निघाली की भाव उतरतो, एवढं एकच शास्त्र त्यांनी आयुष्यभर केलं, आणि असं मन लावून केलं की पुढं पुढं कशातही खोट दिसल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

एकदा एका पाहुण्याच्या मयतीला गेले. तिरडी उचलायची वेळ आली तर म्हणतात, "खांदेकऱ्यांनो, जपून. डाव्या अंगाला कललाय. जिता असताना तरी सरळ कधी चालला?" लोक रडता रडता हसले, आणि हसलो म्हणून शरमून पुन्हा मोठ्यानं रडले. दुसऱ्या एकाच्या घरी लग्नात जिलबीचं ताट चाटूनपुसून साफ केलं, हात धुतला आणि नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "जिलबी झकास. सून तेवढी जरा फिकी पडली." तो माणूस पुढं कितीतरी दिवस सुनेकडं बघितलं की गप्प व्हायचा. मोंढ्यातले लोक मात्र मांडीवर थाप मारून सांगायचे, "तात्या म्हंजे तोंडावर बोलणारा गडी. मनात काय ठेवत नाय."

हे काही खरं नव्हतं. मनात त्यांनी एक गोष्ट लई दिवसांपासून ठेवली होती.

त्यांना मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी सुरेखा, ती दिली होती छत्रपती संभाजीनगरात, वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस असलेल्या कृष्णा तुप्याला. तात्यासाहेबांचे गुडघे आता बोलायला लागले होते. आपल्या मागं आडतीच्या गादीवर घरचा माणूस बसावा, सुरेखा डोळ्यासमोर राहावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आणि जावई काही येत नव्हता. नाही तरी सरळ म्हणावं! तेही नाही. "बघू मामा," म्हणायचा, आणि असं गोड हसायचा की तात्यासाहेबांना वाटायचं, ह्याच्या पोटात सळई खुपसून बघावं आत दाणा हाय का नुसता भुस्सा.

बरं, येत का नव्हता? तर म्हणे रविवारी डबे असतात.

हे डब्यांचं प्रकरण तात्यासाहेबांना सुरेखानं जेवताना समजावून सांगितलं. जगभर हौशी लोक डोंगरात, झाडाच्या ढोलीत, दगडाखाली डबे लपवतात. जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. बाकीच्यांनी हातात उपग्रहाचं यंत्र घेऊन ती जागा शोधायची, डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तसा ठेवून परत यायचं.

"परत ठेवायचा?" तात्यासाहेबांचा घास हातातच राहिला. "आणायचा नाय?"

"नाही तात्या. दुसऱ्यांनी शोधायचा असतो ना."

"म्हंजे गेला, हुंगला, पुन्हा पुरून आला. आपलं मोती कुत्रं हाडकाचं हेच करतंय. फरक एवढाच, की ते सही करीत नाय."

सुरेखा ताट घेऊन आत गेली. तिची आई भागूबाई म्हणाली, "पोरीला कामून टोचता?" तात्यासाहेब म्हणाले, "पोरीला नाय, मालाला टोचतोय."

पण कृष्णासाठी ते डबे म्हणजे कुत्र्याचं हाडूक नव्हतं. कारखान्यात त्याला कुणी विचारायचं नाही, सासरी तर विचारायचा प्रश्नच नव्हता. पण डोंगरात तो वेगळाच माणूस व्हायचा. शहरातल्या ह्या डबेवाल्या मंडळींची म्होरकी होती मनस्विनी, दातांची डॉक्टर. तिनं कृष्णाला हेरलं होतं. तिचं चांगलं यंत्र ती त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "कृष्णा, तू पुढं हो." त्या वर्षी श्रावणात पुण्या-नाशकाचे हौशी खुलताबादच्या डोंगरात येणार होते. त्यांच्यासाठी सगळे डबे लपवायचे, जागांचे आकडे घ्यायचे आणि त्या दिवशी यजमान म्हणून उभं राहायचं, हे काम मंडळानं कृष्णाला दिलं. मोबाइलवर घेतलेले आकडे दरीत दगा देतात, म्हणून यजमानाकडं स्वतःचं यंत्र असावं असा त्यांचा रिवाज. कृष्णा स्वस्तातलं पण भरवशाचं यंत्र बघत होता. आणि हे साधलं की मनस्विनी मराठवाड्याचं सगळं काम त्याच्यावर सोपवणार होती. म्हणजे रविवार काय, शनिवारसुद्धा गेला.

तात्यासाहेबांनी हे ऐकलं आणि ओळखलं: ह्या श्रावणात जावई जिंकला तर आडत गेली.

त्यात त्या वर्षी श्रावण अधिक. धोंड्याचा महिना. आमच्याकडं धोंड्याला लेक-जावयाला बोलावतात, जोडीला लक्ष्मी-नारायण मानून पाटावर बसवतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वाण देतात. वाण कसं, तर जाळीदार पाहिजे. अनारसे, बत्तासे, ज्याला भोकं असतील ते. वर काही मोठी वस्तू. पाय धुवायचे सासऱ्यानं. तात्यासाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात कडू घास हाच. ज्या माणसाला ते दारातलं पायपुसणं समजत होते, दर तीन वर्षांनी त्याच्याच पायाला हात लावायचा!

"अवो, जावयाला औंदा चांदीचं नको," भागूबाई म्हणाली. "सुरेखा म्हनती, त्यांना ते डब्याचं यंत्र पाहिजे."

तात्यासाहेब सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की भागूबाईला वाटलं, माणूस सुधारला.

"देऊ की," ते म्हणाले. "मी सोता जाऊन निवडतो. वाण जाळीदार पाहिजे ना? असं यंत्र आणतो, त्याच्यात भोकंच भोकं."

दुसऱ्या दिवशी पांढरं धोतर नेसून स्वारी शहरात. पैठण गेटाकडच्या एका बोळात मोजणीच्या सामानाचं दुकान होतं, टेप, दुर्बिणी, तिपाया. मालक धम्मपाल, चष्मा कपाळावर सारलेला, बोलायला मोकळा. त्यानं काचेच्या पेटीवर तीन यंत्रं मांडली आणि सुरू केलं, "काका, ये देखो, हे साधं आहे पण..."

"थांबा," तात्यासाहेब म्हणाले. "गुण सांगू नका. गुण खोक्यावर छापलेलेच असत्यात. खोट सांगा."

धम्मपाल हसला. "पहिलंच गिऱ्हाईक बघतोय, खोट विचारणारं."

"माझा धंदाच त्यो हाय."

मग काय! धम्मपालला असा ऐकणारा जन्मात भेटला नव्हता. तो सांगत गेला, आणि तात्यासाहेब मक्याचा ढीग उपसावा तसे एकेक प्रश्न उपसत गेले. झाडाखाली गेलं की काय होतं? कड्याला चिकटून उभं राहिलं तर? ऊन पडद्यावर आलं तर? हात ओला असला तर? धम्मपालनं पहिलं यंत्र उचललं. लहानसं, काळं-पांढरं, बटणांचं, बघायला अगदी भिकार. "ह्यात नकाशा नाही, रंग नाही. पण काका, हे अमेरिकेचे, रशियाचे, दोन्हीकडचे उपग्रह धरतं. साधे बाजारातले दोन सेल टाकले की दिवसभर मरत नाही. पावसात पडलं तरी चालतं. एका जागी थोडा वेळ धरून उभं राहिलं तर आकड्यांची सरासरी काढून देतं. डबे शोधायला स्वस्तात घ्यायचं तर हेच. नकाशा म्हणजे चैन, आकडा खरा पाहिजे."

"खोट?"

"दिसायला गरीब."

"नको," तात्यासाहेब म्हणाले. "दुसरं?"

दुसरं मधलं होतं, तेही त्यांनी नाकारलं, कारण त्यातही फारशी खोट निघेना. तिसऱ्याकडं बोट केलं. मोठा रंगीत पडदा, बोटानं सरकवायचा, कडेला चंदेरी पट्टी. नवरदेवासारखं झळकत होतं.

"ते राहू द्या काका. जुना माल पडून आहे. फक्त एकाच देशाचे उपग्रह धरतं, त्यांना हुडकायलाच लई टाइम लावतं. झाडीत गेलं की बाण भिरभिरतो. उभ्या माणसाला दिशाच दाखवत नाही, चालत राहिलं तरच दाखवतं. सेल आतला, तो उतरला की खेळ खल्लास. ओलं बोट लागलं की पडदा येड्यासारखा करतो. और सबसे बडी बात, चुकलं तरी चुकतंय असं सांगत नाही. आकडा छातीठोक दाखवतं."

तात्यासाहेबांनी यंत्र दोन्ही हातांत धरलं. देवाचा प्रसाद धरतात तसं.

"चुकतंय, पन छातीठोक," ते म्हणाले. "बांधा."

"काका, सस्ता नहीं है. पहिल्यापेक्षा महाग आहे."

"मी कंजूष दिसतो का?"

"कुणाला द्यायचंय?"

"जावयाला."

"मग नका नेऊ. जावयाला असं देतात का?"

"जावयालाच द्यायचंय म्हनून तर नेतोय," तात्यासाहेब म्हणाले, आणि दोघंही खळखळून हसले. धम्मपालला वाटलं, काका लई विनोदी आहेत.

लासूरला आल्यावर त्यांनी माल तपासल्याशिवाय दिला नाही. ही त्यांची शिस्त. आडतीमागच्या मोकळ्या जागेत ते यंत्र घेऊन हिंडायला लागले. भिंतीजवळ गेले की आकडा सरकायचा, पत्र्याखाली गेले की बाण गरगरायचा. फकिरा हमाल पोतं टाकून बघत उभा राहिला. "तात्या, काय हुडकताय?"

"जावयाची अक्कल."

"घावली का?"

"उपग्रहालाबी घावंना."

हमाल पोट धरून हसले. तात्यासाहेबांना त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

धोंड्याच्या दिवशी लेक-जावई आले. पाटावर बसवलं. भागूबाई तांब्यानं पाणी घालत होती आणि तात्यासाहेब परातीत जावयाचे पाय धूत होते. आलेल्या पाहुण्यांनी ऐकावं एवढ्या आवाजात म्हणाले, "पाय लई मऊ जावईबापू तुमचे. डोंगर चढता का डोंगर तुम्हाला चढतो?" बायका पदरात हसल्या. कृष्णासुद्धा हसला. मग ताटात अनारसे, बत्तासे, आणि मधे रुमालानं झाकलेलं ते यंत्र. रुमाल काढला. कृष्णा बघतच राहिला.

यंत्र कसं आहे हे त्याला कळलं नसेल असं समजू नका. तो ह्याच नादातला माणूस, त्याला एका नजरेत कळलं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते यंत्रासाठी नव्हतं. आपल्या डब्यांना कुत्र्याचं हाडूक म्हणणारा हा म्हातारा आपल्यासाठी शहरात गेला, दुकान शोधलं, एवढं महागाचं यंत्र आणलं! बिचाऱ्याला निवडता नाही आलं, चंदेरी पट्टीला भुलला, असं त्याला वाटलं. तो वाकून पाया पडायला लागला तसे तात्यासाहेब मागं सरकले. "हां हां! आज तुम्ही नारायण. नारायण पाया पडत नसतो."

"मामा," कृष्णा म्हणाला, "तुम्ही माझ्या मनातलं ओळखलंत."

"वळखनं हाच आमचा धंदा," तात्यासाहेब म्हणाले.

पुढं मनस्विनीनं ते यंत्र बघितलं आणि कपाळावर हात मारला. "कृष्णा, हे कपाटात ठेव. माझं घेऊन जा."

"नाही मॅडम. सासऱ्यांनी पाय धुऊन दिलेलं धोंड्याचं वाण आहे. ते घरी ठेवून दुसऱ्याचं वापरलं तर सुरेखाच्या माहेरचं नाक कापल्यासारखं होईल. मी सांभाळून घेतो. दरेक जागी जास्त वेळ थांबेन."

आता ह्याला काय म्हणावं? पुण्याच्या माणसानं वाणाला नमस्कार करून ते कपाटात ठेवलं असतं आणि दुसरं चांगलं यंत्र नेलं असतं. पण आपल्याकडं वाण म्हणजे वाण. ते वापरायचं. कृष्णा रजा टाकून भुरभुर पावसात म्हैसमाळच्या उतारावर एकटा हिंडला. ओल्या बोटानं पडदा पुसत, एकेका डब्याजवळ उभा राहत, आकडे घेत. यंत्र छातीठोक आकडे देत होतं.

मेळाव्याच्या दिवशी यजमानाचे सासरे म्हणून तात्यासाहेबांना आग्रहाचं बोलावणं. गेले. डोंगराच्या माथ्यावर चहाच्या टपरीपुढं ताडपत्री लावलेली, रंगीबेरंगी रेनकोटातली माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात यंत्र. नारळ फोडायचा मान तात्यासाहेबांना. त्यांनी तो एका फटक्यात फोडला, अर्धं खोबरं सगळ्यांना वाटलं, अर्धं स्वतः खात खुर्चीवर बसले. कृष्णानं नवा सदरा घातला होता. सुरेखा त्याच्या शेजारी ताठ उभी होती. एवढी ताठ तात्यासाहेबांनी तिला लग्नातही बघितली नव्हती. मंडळी उतारावर पांगली.

दुपार झाली तरी डबा सापडल्याची एकही आरोळी आली नाही. लोक ओल्या गवतात गुडघे टेकून दगड उलटे करत होते. कुणाला विंचू दिसला, कुणाच्या हाताला खाजकुयली लागली. एकजण वर येऊन म्हणाला, "अहो, आकड्याप्रमाणं डबा हवेत आहे. तिथं नुसता कडा आहे." हशा झाला. दुसरी तुकडी आली, तिसरी आली. पुण्याचा शंतनू म्हणून एक होता, त्याच्या जिभेला तात्यासाहेबांसारखीच धार. तो म्हणाला, "यजमानांनी एक तरी स्वतःचा डबा शोधून दाखवावा. आम्ही टाळ्या वाजवू."

कृष्णा गेला. सगळे कडेला उभे राहून बघत होते. आठवड्याच्या पावसानं गवत कमरेएवढं झालेलं, दगडाची ओळख मोडलेली, वर धुकं. तो यंत्राकडं बघून चार पावलं जायचा, थांबायचा, बाण फिरायचा, तो मागं यायचा. पुन्हा जायचा. घाण्याचा बैल तरी एका वाटेनं फिरतो. वरून शंतनूनं टाळ्या सुरू केल्या, हळूहळू, एकेक. बाकीच्यांनी साथ दिली. तात्यासाहेबांनीही दिली. टाळ्या वाजवताना त्यांनी सुरेखाकडं बघितलं. ती खाली बघत होती.

तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली. शंतनूची बायको चारुता त्या हवेतल्या डब्याच्या नादात शेवाळलेल्या दगडावरून घसरली होती. मनगट असं वाकडं झालं होतं, की बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं. मनस्विनीनं ओढणीची झोळी करून हात बांधला, गाडीत घातलं. आता कुणी हसत नव्हतं. शंतनूनं कृष्णाच्या हातातून यंत्र हिसकावून घेतलं.

"हे? ह्याच्यावर आकडे घेतलेत तुम्ही? हे खेळणं कुठल्या गाढवानं निवडलं?"

तात्यासाहेब हाताच्या अंतरावर होते. खोबऱ्याचा तुकडा दाढेखाली होता. कृष्णानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मीच निवडलं," तो म्हणाला.

"मग गाढव तुम्हीच."

"हो," कृष्णा म्हणाला.

तात्यासाहेबांनी खोबरं गिळलं. ते जरा अडकलं, पण गेलं. चहावाल्याकडून पाणी मागून प्यायले आणि मनाशी म्हणाले, काम झालं.

मनस्विनी जाताना एवढंच बोलली, "कृष्णा, मी माझं देत होते." आणि मग, "काही दिवस येऊ नकोस." इंटरनेटवर त्याच्या नावापुढं लोकांनी जे लिहिलं ते सुरेखानं वाचलं आणि त्याला वाचू दिलं नाही. त्यानं तिच्या पाठीमागं सगळं वाचलं.

परतीच्या वाटेवर गाडीत तात्यासाहेबांनी आवाज एकदम मऊ केला. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. कुनाच्या हातून चूक व्हत नाय? आडतीत या. तिथं पोती असत्यात, डोळ्यापुढं. हुडकावी लागत नायत. मी तुम्हाला खोट काढायची इद्या शिकवतो. ती आली की जगात कुनी तुम्हाला हसनार नाय."



"येतो मामा," कृष्णा म्हणाला. "दिवाळीच्या पाडव्याला बसतो गादीवर."

आणि बसला. कारखाना सोडला, बजाजनगरची खोली सोडली, बायकोला घेऊन लासूरला आला. पाडव्याला तात्यासाहेबांनी साऱ्या मोंढ्याला पेढे वाटले. जे मनात धरलं ते मिळालं असा माणूस लासुरात दुसरा नव्हता.

जावई शिकला, आणि काय शिकला! दाण्याकडं नुसतं बघून सांगायचा, कुठल्या शिवारातला, किती दिवस पावसात भिजलेला. बोलायचा कमी, हसायचा तसाच गोड. शेतकऱ्याला पाणी विचारायचा, चहा द्यायचा आणि मग अशा अदबीनं खोट दाखवायचा की भाव पाडून घेऊन माणूस वर आभार मानून जायचा. तात्यासाहेब खूश होऊन सगळ्यांना सांगायचे, "माझा चेला हाय." मग एक दिवस व्यापाऱ्यांसमोर कृष्णा म्हणाला, "मामांना मोठ्यानं सांगा, कानात जरा खोट आलीय." लोक हसले. तात्यासाहेबही हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मामांना सही करायला लावू नका, हात कापतो." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "मामांना आठवत नाही हो, त्यांना कशाला विचारता?" प्रत्येक वेळी 'मामा', प्रत्येक वेळी 'हो', 'जी'. वरचा आवाज कधी नाही. टोचलेलं पोत्यालाच कळावं, बाहेर छिद्र दिसू नये, असं.

वर्ष गेलं. मक्याच्या हंगामात लिलावाच्या वेळी ढिगाभोवती गर्दी होती. तात्यासाहेब पुढं झाले, सळई खुपसली, दाणे तळहातावर घेतले आणि जुन्या ऐटीत म्हणाले, "ओल हाय."

कृष्णानं ओल मोजायच्या यंत्रात मूठभर दाणे टाकले, आकडा सगळ्यांना दाखवला. "माल कोरडा आहे. मामा, तुमचा तळहातच घामेजलेला असतो आता. खोट दाण्यात नाही."

एक क्षण कुणाला हसावं कळेना. मग फकिरा हमाल फसकन हसला आणि सगळा मोंढा हसला. ज्याचा ढीग होता तो शेतकरी सगळ्यात मोठ्यानं.

गर्दी पांगल्यावर तात्यासाहेब गादीजवळ आले. "जावईबापू, चार लोकांत असं बोलतात का?"

कृष्णा हातातल्या दाण्यांवर फुंकर मारत होता. "धम्मपालभाऊंनी नमस्कार सांगितलाय तुम्हाला."

तात्यासाहेबांना आधी नाव कळलं नाही. मग कळलं. ते पोत्यावर बसले. "कधी... कधी गेला व्हता तुम्ही तिकडं?"

"गेल्या वर्षीच्या श्रावणात. डोंगरातून आलो त्याच आठवड्यात, यंत्र दुरुस्तीला घेऊन. भाऊ म्हणाले, 'तुमचे सासरे लई हुशार माणूस. तासभर बसून खोट विचारली, आणि जे नको म्हटलं तेच नेलं.' मला ते समजायला दुकानाच्या पायरीवर जरा बसावं लागलं." तो गोड हसला. "त्या बाईंचा हात अजून सरळ झाला नाही म्हणतात."

"समदं माहीत असून आलात? कामून?"

"तुम्हीच म्हणालात ना मामा, विद्या शिकवतो म्हणून."

तात्यासाहेबांनी भागूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "तुम्हाला गादीवर तुमच्यासारखा मानूस पाहिजे व्हता. आता कुनाला बोल लावता?" सुरेखाकडं गेले. सुरेखानं वडलांचं सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "तात्या, तुम्ही दुपारी घरीच थांबत जा. ह्यांना तिथं अडचण होते." ती आता रोज डोळ्यासमोर होती. मागितलं होतं तसंच.

पण घरात बसून करायचं काय? ज्या माणसानं उभा जन्म मोंढ्यात काढला त्याला भिंतीत खोट काढून किती दिवस पुरणार? सकाळ झाली की धोतर नेसून ते आडतीवर जातातच. सळई आता गादीच्या मागं, कृष्णाच्या हाताशी असते. तात्यासाहेब पायरीवर बसतात. येणारा-जाणारा नमस्कार करतो, कारण मोंढ्यात वयाला मान आहे, आणि थांबत कुणी नाही.

परवा वैजापूरकडून मक्याचा टेम्पो आला. फकिरानं दोर सोडला, घाम पुसला, पायरीवरच्या तात्यासाहेबांकडं बघितलं आणि विचारलं, "मालक कुठं हायेत?"

तात्यासाहेबांनी आत बोट दाखवलं.